सात इमारती, एक पडदा

आमच्या वसाहतीत इमारती सात, सोसायट्या सात आणि त्यांच्यावर एक फेडरेशन. प्रत्येक इमारतीनं आपापल्या ऐपतीप्रमाणे आणि भीतीप्रमाणे कॅमेरे लावले. कुणाकडे जुने कोॲक्सिअल केबलवाले, कुणाकडे नवे आयपी. कुणाचा रेकॉर्डर मीटररूममध्ये, कुणाचा चक्क सेक्रेटरींच्या बेडरूममध्ये. हे सगळं एकमेकांना जोडून फाटकाजवळच्या ऑफिसात एका पडद्यावर आणावं, असा प्रस्ताव फेडरेशनच्या बैठकीत आला, तेव्हा खरं तर दोनच माणसं बोलली. नाना दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेत. शहरातल्या अर्ध्याअधिक डक्टमध्ये ते कधी ना कधी उतरले असावेत, असं त्यांच्या बोलण्यावरून वाटतं. वहिनी शिवाजीनगर कोर्टात वकिली करतात. इतिवृत्ताचं काम माझ्याकडे होतं. इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच लिहायची रीत आहे, म्हणून ती चर्चा इथे लिहितो.

नाना : पहिलं म्हणजे, आपण काही नवं जोडतोय अशातला भाग नाही. ए आणि बी आजही जोडलेल्या आहेत. या गच्चीवरून त्या गच्चीवर ती निळी लॅन केबल लोंबतेय ना, तीच. कॉन्ट्रॅक्टरनं टाकली आणि पैसे घेऊन गेला. गेल्या वळवात बीचा रेकॉर्डर आणि एचा स्विच एकदमच गेले.

वहिनी : वीज पडली होती, नाना. त्याला कॉन्ट्रॅक्टर काय करणार?

नाना : आपल्यावर कुठे पडली? पलीकडच्या मैदानात पडली. पण दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, खड्डे वेगळे. जवळपास वीज पडली की एका इमारतीची 'जमीन' दुसरीपेक्षा क्षणभर कितीतरी व्होल्टनं वर चढते. मध्ये तांब्याची तार ठेवली तर तो फरक तिच्यातूनच मिटणार, आणि वाटेत तुमचा रेकॉर्डर. शिवाय तांब्यावर इथरनेट १०० मीटरपर्यंतच भरवशाचं. ए ते जी, रस्त्याच्या कडेनं मोजलं तर अडीचशेच्या वर जातं. म्हणून इमारतीच्या आत तांबं, बाहेर फायबर. काचेतून उजेड जातो, वीज जात नाही.

वहिनी : वायरलेस का नको? सीमधला तो मुलगा म्हणत होता, गच्चीवर दोन डिश लावल्या की झालं. खोदाईच नको.

नाना : चालेल की. पाच गिगाहर्ट्झला परवाना लागत नाही, एवढ्याशा अंतरात पावसाचाही फारसा त्रास नाही. पण मध्ये गुलमोहर आहेत. मे महिन्यात बसवाल, सगळं झकास दिसेल. जुलैत पानं दाट होऊन ओली झाली की चित्र अडखळायला लागेल. मग कुणीतरी रात्री जाऊन झाडच छाटेल. आपल्या लोकांना मी ओळखतो.

फायबरवर नाना बोलू लागले की त्यांना थांबवणं अवघड. जमिनीखालून न्यायची तर घुशींच्या दातांसाठी पोलादी कवचाची, आर्मर्ड केबल हवी. पण कवच धातूचं. ते दोन्ही इमारतींत अर्थला जोडलं तर काच घेऊन साधलं काय? म्हणून एका टोकाला जोडायचं, दुसऱ्या टोकाला मोकळं सोडायचं, आणि हे कॉन्ट्रॅक्टरला तोंडी नाही, लिहून द्यायचं. आज दोन तंतू लागतात म्हणून दोनच घ्यायचे नाहीत, बारा घ्यायचे. कारण खर्च काचेचा नाही, खोदाईचा आहे. शेवटच्या इमारतीतून केबल परत ऑफिसात आणून रिंग पूर्ण करायची, म्हणजे गॅसलाइनवाल्यांनी कुठेही एक घाव घातला तरी दुसऱ्या बाजूनं चित्र येत राहील. मात्र स्विच मॅनेज्ड हवेत. साध्या स्विचवर रिंग पूर्ण केली की तीच तीच पाकिटं गोल फिरत राहतात आणि सगळं नेटवर्क बघता बघता गुदमरतं. इमारतीतल्या आठ कॅमेऱ्यांना वीज त्याच लॅन केबलमधून द्यायची, एका पोर्टला फार तर १५.४ वॉट, आणि स्विचला इन्व्हर्टर जोडायचा. नाहीतर महावितरणची वीज गेली की चोरांना मोकळं रान.

वहिनींनी यातल्या कशावरही वाद घातला नाही. नानांना ते लक्षात आलं आणि थोडं खटकलंही असावं.

वहिनी : तार कशाची, यावर माझं काहीच म्हणणं नाही. तारेच्या टोकाला कोण बसणार ते सांगा.

नाना : वॉचमन. ऑफिसात.

वहिनी : म्हणजे एजन्सीचा माणूस. तो दर दोन महिन्यांनी बदलतो. आज एफच्या लिफ्टमध्ये कोण चढलं ते एफपुरतंच राहतं. उद्या एकाच माणसाला दिसेल, की एफमधली मुलगी सकाळी साडेसातला निघाली, सीच्या दाराशी थांबली, कुणाच्या गाडीवर बसली, रात्री किती वाजता परत आली. हे तुकडे आजही सात डब्यांत आहेतच. पण ते जोडायला सात ठिकाणी हिंडावं लागतं, सात जणांना कारण सांगावं लागतं. त्या कष्टांमुळेच आपण सगळे आतापर्यंत सुखानं राहिलो. तुम्ही ते कष्टच काढून टाकताय.

नाना : कष्ट काढून टाकायलाच तर जोडायचंय, वहिनी! सायकल चोरीला गेली तेव्हाचं आठवा. चोर डीमधून निघाला, मागच्या बोळानं जीच्या बाजूला गेला, दोन नंबरच्या फाटकातून बाहेर. तीन रेकॉर्डर, तीन चाव्या, तीन घड्याळं. जीचं घड्याळ अकरा मिनिटं मागे. रेकॉर्डिंगप्रमाणे गडी सायकल उचलायच्या आधीच ती घेऊन फाटकाबाहेर पडला होता. हवालदार हसला हो आपल्याला.

वहिनी : मग घड्याळं जोडा की. त्यासाठी चित्रं कशाला जोडायला हवीत?

नाना थांबले. प्रश्न बिनतोड होता. वेळ जुळवायला नेटवर्कवर एनटीपी नावाची सोय असते. एक यंत्र वेळ सांगतं, बाकीची ऐकतात, आणि त्यासाठी एकही चित्र कुठे न्यावं लागत नाही. नानांनी ते प्रामाणिकपणे मान्य केलं. पण हार मानली नाही.

नाना : बरं, आता माझं ऐका. मी सातही इमारतींत जाऊन रेकॉर्डर उघडून पाहिले. ईची हार्डडिस्क कधीचीच गेली होती. पडद्यावर चित्र स्वच्छ, रेकॉर्डिंग शून्य. कुणाला पत्ताच नाही, कारण मागचं कुणी पाहत नाही. आपल्याकडे रेकॉर्डर उघडतात चोरी झाल्यावर. बीचा एक कॅमेरा रंगकाम करणाऱ्यांनी भिंतीकडे वळवला, तो अजून भिंत बघतोय. नेटवर्कवर असते तर डिस्क गेली त्याच दिवशी ऑफिसात सूचना आली असती.

मला विचाराल तर सगळी यंत्रणा जोडण्याच्या बाजूचा याहून भक्कम मुद्दा नाही. एका पडद्यावर छप्पन्न चौकोन बघत बसणारा माणूस तासाभरात पेंगतो. त्याच्या भरवशावर कुणी चोर पकडत नाही. पण कोणता कॅमेरा आंधळा झालाय हे यंत्राला न पेंगता कळतं.

वहिनी : म्हणजे तुम्हाला हवी ती बातमी आहे, की यंत्र जिवंत आहे का. ती द्या ऑफिसला. रेकॉर्डिंग कुठे ठेवणार?

नाना : त्याचा हिशेब मी केलाय. एका कॅमेऱ्याला सेकंदाला ४ मेगाबिट धरा. दिवसाचे ८६,४०० सेकंद. म्हणजे रोज ४३ जीबी. छप्पन्न कॅमेरे, तीस दिवस, सगळं एकाच जागी ठेवायचं तर ७२ टीबीच्या वर. मोठा सर्व्हर, डिस्कांची रांग, एसी, आणि तो सर्व्हर बसला की सातही इमारती एकदम आंधळ्या. त्यापेक्षा इमारतीचं इमारतीत ठेवलं तर प्रत्येकी साधारण १० टीबी, आणि कॅमेरे एच.२६५वाले असतील तर निम्म्यावरही भागेल.

वहिनी : बघा, माझ्या अर्ध्या मागण्या तुमच्या हिशेबातच मान्य झाल्या.

नाना : खर्चामुळे झाल्या. तुमच्या तत्त्वामुळे नाही.

वहिनी : कोर्टात कारणं कुणी विचारत नाही, नाना. निकाल लागला की झालं.

यावर सगळेच हसले, आणि त्या हशातच आमच्या एका सेक्रेटरींनी, त्यांचा हेतू चांगलाच होता, सुचवलं की सगळे कॅमेरे प्रत्येकाच्या मोबाइलवर आले तर? ॲप फुकट असतं म्हणे. इतका वेळ एकमेकांवर चालून जाणारे नाना आणि वहिनी त्यांच्यावर एकत्र तुटून पडले.

नाना : ॲप फुकट नसतं. तुमच्या घरातलं चित्र आधी कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जातं आणि तिथून मोबाइलवर येतं. नाहीतर कॉन्ट्रॅक्टर राउटरमध्ये भोक पाडून ठेवतो, पोर्ट फॉरवर्डिंग. त्या भोकातून तुम्ही आत याल, तसं बाकीचं जगही येईल. २०१६ साली मिराई नावाचा विषाणू पसरला, तो असल्याच कॅमेऱ्यांत आणि डीव्हीआरमध्ये. कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते; त्यानं युजरनेम-पासवर्डच्या साठेक नेहमीच्या जोड्या लावून पाहिल्या आणि लाखो यंत्रं ताब्यात घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात असल्या यंत्रांच्या फौजेनं अमेरिकेत डाइन या कंपनीवर हल्ला केला आणि मोठमोठ्या वेबसाइटी काही तास बंद पडल्या. कॅमेऱ्याच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. त्यांचं चित्र दिसत होतं ना, मग झालं!

वहिनी : तेवढं लांब कशाला जाताय? २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोटच्या एका प्रसूतिगृहाच्या तपासणीच्या खोलीतलं चित्रीकरण इंटरनेटवर विकायला निघालं. कॅमेरा सुरक्षेसाठीच लावलेला. अहमदाबादच्या सायबर पोलिसांनी पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. त्या बायकांना काय सांगणार, की पासवर्ड बदलायचा राहिला?

नाना : म्हणून कॅमेऱ्यांचं नेटवर्क वेगळं ठेवायचं. ऑफिसातल्या वायफायला, लिफ्टमधल्या स्क्रीनला ते दिसताच कामा नये. एकाच फायबरवर दोन व्हीलॅन, म्हणजे एकमेकांना न दिसणारी दोन नेटवर्क करता येतात. कॅमेऱ्यांना इंटरनेटची वाटच द्यायची नाही. नवे कॅमेरे घेताना बघून घ्यायचे. २०२५ च्या एप्रिलपासून सरकारनं कॅमेऱ्यांना सुरक्षेची चाचणी सक्तीची केलीय. पण भिंतीवर आधीच लटकलेल्यांना ती चाचणी कुणी लावलेली नाही. ते आपले आपणच सांभाळायचे.

सेक्रेटरींनी ॲपचा विषय मागे घेतला. त्यांच्या मोबाइलवर त्यांच्या इमारतीचं ॲप आजही आहे, ही गोष्ट बैठकीत कुणी काढली नाही. मीही काढली नाही.

वहिनींनी मग पुराव्याचा विषय काढला. इथे नाना गप्प आणि मी उत्सुक.

वहिनी : समजा चोर दिसला. तुम्ही पेन ड्राइव्हवर चित्रण काढून पोलिसांना दिलंत. पुढे? २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, यावरून खटला झाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रण होतं. पण त्यासोबतचं कायद्यानं लागणारं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळेना. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या जुलैत सांगितलं, मूळ यंत्रच कोर्टात आणत नसाल तर प्रमाणपत्र हवंच. आता नव्या साक्ष अधिनियमात, कलम ६३ मध्ये, त्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एकावर यंत्र सांभाळणाऱ्याची सही, दुसऱ्यावर तज्ज्ञाची, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे तिचा डिजिटल ठसा, लिहायची. आपल्याकडे ते यंत्र 'सांभाळणारा' कोण? सही कुणाची?

नाना : माझी करा.

वहिनी : तुमची करू. पण मग त्या यंत्राला तुमच्या नकळत कुणी हात लावला नाही, हे तुम्हाला शपथेवर सांगता आलं पाहिजे. सातजणांकडे एकच पासवर्ड असेल तर सांगाल?

नानांनी यावर 'नाही' म्हणायला वेळ घेतला नाही. त्यांच्या खात्यात लॉगबुकशिवाय कुणी एक्स्चेंजच्या दाराला हात लावत नसे, असं ते अभिमानानं म्हणाले. म्हणजे मुद्दा वहिनींचा, पण त्याची सवय नानांची. प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, आणि कुणी कधी काय पाहिलं याची नोंद यंत्रानंच ठेवायची, हे दोघांच्या तोंडून एकदमच आलं.

वहिनी : पोलिसांचंही तसंच. हवालदार येतो, वॉचमन घाबरून पेन ड्राइव्ह हातात ठेवतो. ते बंद. चित्रण जरूर द्यायचं, पण पत्र घेऊन. नागरिक सुरक्षा संहितेत कलम ९४ त्यासाठीच आहे. आणि सुनेचा वकील, घटस्फोटातला नवरा, भाडेकरूवर डूख धरलेला मालक, यांच्यापैकी कुणी आलं तर कोर्टाचा आदेश आणा म्हणायचं. मी बारा भानगडी रोज बघते. सोसायटीचं चित्रण चोरीपेक्षा जास्त कशात मागतात सांगू? कोण कुणाकडे गेलं यात.

नाना : तुम्ही चोर विसरूनच गेलात.

वहिनी : चोरांचंच सांगते. २०१९ साली ४० वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. कॅमेऱ्यांनी गुन्हे साधारण १३ टक्क्यांनी कमी झालेले दिसले. सगळ्यांत ठळक फरक कुठे? वाहनतळांवर. मारामाऱ्या वगैरेंत म्हणण्यासारखा फरकच नाही.

नाना : अहो, मग आपल्याकडे जातं काय? पार्किंगमधल्या गाड्या आणि सायकली! तुमचा आढावा माझ्याच बाजूचा आहे.

वहिनी : पार्किंगसाठी आहे. मजल्यावरच्या कॉरिडॉरसाठी नाही. माझ्या दारात काय चाललंय ते फाटकावरच्या पडद्यावर नको.

इथे वाद खरा तापला, कारण कॉरिडॉरचे कॅमेरे चारच इमारतींत आहेत आणि ज्येष्ठ नागरिक एकटे राहतात ते याच इमारतींत. नानांचं म्हणणं, घरफोडी फाटकावर होत नाही, दारावर होते. वहिनींचं म्हणणं, दार ही घराची हद्द आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, तो आपण दीड फुटाच्या उंबऱ्यासाठी तरी पाळावा. विदा संरक्षणाच्या कायद्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात आलेत, मुख्य कलमं लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे. घरगुती वापराला त्यात सूट आहे. पण सोसायटी म्हणजे कुणाचं घर नव्हे, ती सूट आपल्याला मिळेल असं धरून चालू नका, असंही त्यांनी बजावलं. एक भाडेकरू तरुण मागच्या खुर्चीवरून म्हणाला, की रात्री उशिरा येणाऱ्या भाडेकरूंची यादी कॉरिडॉरच्या कॅमेऱ्यावरूनच निघते. त्याला मत देण्याचा अधिकार नव्हता. पण त्याच्या बोलण्यानंतर काही चेहरे पडले, हे मी पाहिलं.

शेवटी जे ठरलं ते दोघांनाही पुरतं आवडलेलं नाही. फायबर सातही इमारतींत, रिंग करून, जूनच्या आत. रेकॉर्डिंग ज्याचं त्याच्या इमारतीत. ऑफिसच्या पडद्यावर फाटकं, अंतर्गत रस्ता आणि पार्किंग. कॉरिडॉर आणि लिफ्टचं चित्र नाही, फक्त ते यंत्र चालू आहे की नाही एवढंच. तिथलं मागचं चित्रण पाहायचं तर त्या इमारतीचा एक आणि फेडरेशनचा एक, असे दोघे हजर हवेत आणि वहीत कारण हवं. तीस दिवसांनी आपोआप पुसलं जाणार. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर नानांना स्वस्तात मिळत होतं. ते बहुमतानं नाकारलं. नानांनी विरोधात मत नोंदवायला लावलं, ते मी इतिवृत्तात नीट लिहिलंय.

सगळे उठायला लागले, तेवढ्यात वहिनींच्या हाती कोटेशन लागलं.

वहिनी : नाना, हे काय? 'बिल्ट-इन माइक.' आवाजही रेकॉर्ड होणार?

नाना : नव्या मॉडेलांना बहुतेक असतोच. सेटिंगमध्ये बंद ठेवू.

वहिनी : 'ठेवू' म्हणजे कोण ठेवणार?

नाना : ज्याच्याकडे ॲडमिनचा पासवर्ड तो.

वहिनी : आणि उद्या तोच सुरू करणार. बिनमाइकचा कॅमेरा घ्या. नाहीतर पासवर्ड दोन तुकड्यांत ठेवा, अर्धा तुमच्याकडे, अर्धा माझ्याकडे.

नाना : आणि रात्री दोन वाजता रिंग तुटली, स्विचमध्ये शिरावं लागलं, तर तुम्हाला झोपेतून उठवू?

वहिनी : उठवा. मी येईन.

नाना : चपला घालून, पावसात, जीच्या मीटररूममध्ये?

वहिनी : बॅटरी तुम्ही आणा.

नानांनी कोटेशन परत मागून घेतलं, माइकच्या ओळीखाली पेननं रेघ मारली आणि शेजारी लिहिलं : बिनमाइकचं मॉडेल असल्यास दर कळवणे.